सैनिकाच्या डिस्चार्ज बुकात राहून गेलेले प्रशिक्षण

(कोठी, हैदराबाद येथे माजी सैनिक, त्यांचे कुटुंबीय व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माजी सैनिकांच्या मेळाव्यात बोलावयाचे म्हटले म्हणजे वक्ते बहुधा निवृत्तिवेतन, मुलांच्या शिष्यवृत्त्या, मुलींच्या विवाहाचे साहाय्य अशा विषयांना हात घालतात. ते विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यांविषयी आपणांस माझ्यापेक्षा अधिक माहिती असण्याचा संभव आहे. आज मी त्यांच्यापैकी एकाही विषयावर बोलणार नाही. मी बोलणार आहे ते एका ओळीविषयी. सैनिक सेवामुक्त होताना त्याच्या हाती जी पुस्तिका पडते, जिला आपण सारे डिस्चार्ज बुक म्हणतो, तिच्यात जी ओळ असावयास हवी होती आणि नाही, त्या ओळीविषयी. मी स्वतः सैनिक नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि प्रसिद्धीच्या कामातील शासकीय सेवक. परंतु कागदांशी माझा नित्य संबंध येतो, आणि आपल्या देशात कागदावर नसलेली गोष्ट घडलीच नाही असे मानण्याची जी रीत आहे ती मला चांगली परिचित आहे.

आपण ज्या कोठीत जमलो आहोत तिला हे नाव रेसिडेन्सीच्या वाड्यावरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेंट किर्कपॅट्रिक ह्याने तो प्रचंड खांबांचा वाडा उभारविला. १९४९ मध्ये तेथे मुलींचे महाविद्यालय आले आणि आज तेथे महिला विद्यापीठ आहे. ह्याच वाड्यातून कारभार पाहणाऱ्या हेन्री रसेल नावाच्या रेसिडेंटाने १८१३ मध्ये एक पलटण उभी केली. तिला रसेल ब्रिगेड म्हणत. तिच्यासारख्या तुकड्यांतूनच पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज झाली. ह्या फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड प्रांत लिहून घेण्यात आला. म्हणजे फौज हैदराबादची आणि तिचा पगार वऱ्हाडातल्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातून, असा तो प्रकार होता. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली, १९२२ मध्ये तिला एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट हे नाव मिळाले आणि १९४५ मध्ये तीच कुमाऊं रेजिमेंट झाली. आज तिचे केंद्र हिमालयात रानीखेत येथे आहे. म्हणजे जी पलटण ह्या कोठीच्या हुकमाने उभी राहिली तिचा इतिहास शोधावयाचा तर दीड हजार किलोमीटर उत्तरेकडे जावे लागते.

ही हकीकत मी केवळ स्थानमाहात्म्य म्हणून सांगितली नाही. सैन्यातला कागद माणसाच्या गावी राहत नाही, तो दलाबरोबर जातो. पुष्कळांना ही साधी गोष्ट ठाऊक नसते, आणि त्यामुळे अर्ज चुकीच्या दारी जातो. तोफखान्याचा जवान येथे गोवळकोंड्याच्या आर्टिलरी सेंटरमध्ये शिकतो. त्याचे कागद मात्र नाशिक रोड कॅम्पच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नलचे जबलपूरला. ईएमई आणि ऑर्डनन्स ह्या दोन दलांचे कागद तेवढे आपल्या शेजारी सिकंदराबादेत आहेत. नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पात आणि वायुसैनिकांचे नवी दिल्लीत सुब्रतो पार्क येथे. नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर ह्या भागांतून येऊन हैदराबादेत स्थायिक झालेल्या एखाद्या निवृत्त जवानाने सिकंदराबादची छावणी जवळ आहे म्हणून तेथे खेटे घालावेत आणि कागद नाशिकला पडून असावेत, असे वारंवार घडते. डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावर रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का असतो. प्रथम तो वाचावा.

आता ही पुस्तिका भरली कशी जाते ते पाहू. जवानाच्या सेवाकाळात जो जो बदल होतो, म्हणजे बढती, बदली, रजा, विवाह, अपत्य, शिक्षा, पदक, तसेच एखादा कोर्स, तो त्याच्या युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’ मध्ये प्रसिद्ध होतो. ह्या आदेशाची प्रत रेकॉर्ड ऑफिसात जाते. तेथे त्यावरून जवानाच्या शीट रोलवर नोंद घेतली जाते. शीट रोल हा जणू त्याच्या सेवेचा सातबारा होय. निवृत्तीच्या वेळी ह्या शीट रोलवरून डिस्चार्ज बुक लिहिली जाते: ट्रेड कोणता, शिक्षण किती, कोर्स कोणते, पदके कोणती, चालचलन कसे. तेव्हा डिस्चार्ज बुक हा मूळ कागद नसून तो उतारा आहे, हे प्रथम मनावर घेतले पाहिजे. उताऱ्यात ओळ नाही म्हणजे मूळ कागदातही नाहीच असे नव्हे. आणि मुळात नसेल तरी त्याच्याही आधीच्या आदेशात असू शकते.

ओळ गळते ती ह्या साखळीच्या कोणत्या तरी कड्यात. कोर्स एका ठिकाणी होतो, त्याचा निकाल महिन्या-दोन महिन्यांनी युनिटकडे येतो, आणि तोवर जवानाची बदली झालेली असते किंवा युनिटच सीमेवर हललेले असते. जुन्या युनिटला वाटते, नव्याने आदेश काढावा. नव्याला वाटते, जुन्याने काढलाच असेल. कधी कोर्स निवृत्तीच्या अगदी तोंडावर झालेला असतो आणि डिस्चार्ज बुक त्याआधीच भरून तयार असते. पुनर्वसनासाठी सेवेच्या शेवटच्या काळात जे नागरी प्रशिक्षण दिले जाते त्याच्या बाबतीत तर हे विशेष घडते. प्रमाणपत्र नागरी संस्थेचे असते आणि ते सैनिकी कागदात उतरतेच असे नाही. कधी जवान एका दलातून दुसऱ्या दलात गेलेला असतो. कधी तो जेसीओ होतो, त्याला नवा जेसी क्रमांक मिळतो आणि जुन्या क्रमांकावरचे काही कागद मागेच राहतात. सैन्यात माणूस क्रमांकाने ओळखला जातो. एक आकडा इकडचा तिकडे झाला की ते प्रशिक्षण दुसऱ्याच कोणाचे तरी होते किंवा कोणाचेच राहत नाही.

आणि नावांचे काय सांगावे! आपली मराठी नावे परप्रांतीय कारकुनाने इंग्रजी अक्षरांत लिहिली की ज्ञानोबाचा ग्यानोबा होतो, विठ्ठलाचा बिठल होतो, आडनाव वडिलांच्या जागी जाते आणि वडील नाहीसेच होतात. गावात ज्यांना सारे आबा म्हणून ओळखतात त्यांचे सैन्यातील नाव त्यांच्या सुनेलाही ठाऊक नसते. अर्जात नाव लिहावयाचे ते सैन्याने लिहिले तसेच, अशुद्ध असले तरी. त्याची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळ्या अर्जाने मागावा. एकाच अर्जात चार मागण्या केल्या की तो चार टेबलांवर फिरतो आणि कोणत्याच टेबलावर पुरा होत नाही.

कोणी म्हणेल, एक ओळ नसली तर एवढे काय बिघडले? प्रशिक्षण तर झाले, हातात विद्या तर आहे. ह्यावर मी एक हकीकत सांगतो. संबंधित गृहस्थांचे नाव, गाव आणि दल सांगण्याचे कारण नाही. नांदेडकडचे एक निवृत्त नायक. सतरा वर्षे सेवा. ट्रेड वाहन दुरुस्तीचा. परंतु सेवेच्या आठव्या वर्षी त्यांनी जनरेटर व विद्युत यंत्रांच्या दुरुस्तीचा काही महिन्यांचा कोर्स केला होता आणि पुढे बरीच वर्षे तेच काम केले होते. निवृत्तीनंतर ते मुलांच्या शिक्षणासाठी हैदराबादेस आले. माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या एका तंत्रज्ञाच्या जागेसाठी त्यांची लेखी परीक्षेत निवड झाली. कागदपत्रांच्या तपासणीत विचारणा झाली, जनरेटरच्या प्रशिक्षणाचा पुरावा कोठे आहे? डिस्चार्ज बुकात तो कोर्स नव्हता. मूळ प्रमाणपत्र गावाकडे पत्र्याच्या ट्रंकेत होते. दोन पावसाळे छप्पर गळाले आणि त्या ट्रंकेतील कागदांचा लगदा झाला होता. जागा गेली. ते एका मोठ्या इमारतीत रात्रीचे पहारेकरी म्हणून लागले. त्या इमारतीच्या तळघरात जनरेटर होता. तो बिघडला की बाहेरचा मेकॅनिक येईपर्यंत हेच गृहस्थ तो चालू करून देत. पगार मात्र पहारेकऱ्याचा.

ह्यात कोणाचे दुष्ट हेतू नव्हते. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही नियमाप्रमाणेच केले. अधिकारी बंधूंनी येथे अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे जो कागद होता त्यावरूनच त्याला निर्णय करावयाचा होता, आणि उद्या कोणीही येऊन मला अमुक येते असे तोंडी सांगू लागला तर राखीव जागांचा बोजवारा उडेल. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. त्या जागा खऱ्या पात्र माणसाकडे जाव्यात म्हणूनच कागद पाहिले जातात. तेव्हा उपाय कागदाला टाळण्यात नाही, कागद पुरा करण्यात आहे.

ह्या नायकांच्या बाबतीत तो कसा पुरा झाला ते सांगण्यासारखे आहे. त्यांची मुलगी शिक्षिका. तिने आईजवळची जुनी पत्रे काढली. त्यांत वडिलांनी प्रशिक्षण केंद्रातून लिहिलेले एक अंतर्देशीय पत्र सापडले. पत्रात प्रकृतीची चौकशी, बैलाच्या किमतीची चौकशी आणि शेवटी एक वाक्य, की पोळ्याच्या आधी आमची परीक्षा आहे व नंतर पलटणीत परत जाणे होईल. घरगुती पत्र हा काही पुरावा नव्हे. परंतु पत्रावरील टपालाच्या शिक्क्याने ठिकाण कळले आणि पोळ्यावरून महिना कळला. तोवर ते गृहस्थ कोर्सचे वर्षही एकाने चुकीचे सांगत होते! आता प्रश्न नेमका विचारता आला. त्यांनी प्रथम दुरुस्ती मागितलीच नाही. आपल्या शीट रोलची प्रमाणित प्रत मागितली. ती आली तेव्हा तीत कोर्ससाठी युनिटमधून रवाना झाल्याची नोंद होती, परत दाखल झाल्याचीही होती. नव्हता तो फक्त निकाल. मग त्या दोन तारखांचा हवाला देऊन अर्ज गेला, रेकॉर्ड ऑफिसाने प्रशिक्षण संस्थेकडे विचारणा केली आणि संस्थेच्या नोंदवहीत निकाल सापडला. क्रमांकातील दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, एवढेच. फाल्गुनात केलेल्या अर्जाचे उत्तर मार्गशीर्षात आले. ती पहिली जागा अर्थातच परत मिळाली नाही. पुढे दुसऱ्या एका जाहिरातीत ते पात्र ठरले. वयाची अडचण आली नाही, कारण केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकाच्या वयातून सैन्यसेवेचा काळ वजा करून वर तीन वर्षांची सूट मिळते.

ह्या हकीकतीत जो क्रम आहे तोच मी आपणांस सुचवितो. आधी मूळ नोंद पाहावी, मग दुरुस्ती मागावी. शीट रोलची प्रत रेकॉर्ड ऑफिसाकडे साध्या अर्जाने मागता येते. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहेच. दहा रुपयांच्या शुल्कात आपल्याच सेवेची नोंद मागण्याचा आपणांस हक्क आहे आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सैनिक हयात नसेल तर पत्नीने अथवा मुलांनी नात्याचा पुरावा जोडावा. प्रत हाती आली की तीन शक्यता उरतात. शीट रोलवर कोर्स आहे आणि डिस्चार्ज बुकात नाही, तर काम सोपे आहे. ती उताऱ्यातली चूक ठरते. शीट रोलवर नाही पण आपल्याजवळ प्रमाणपत्र आहे, तर त्याची साक्षांकित प्रत जोडून मूळ नोंदच करून मागावी लागते आणि त्यासाठी रेकॉर्ड ऑफिस संस्थेकडे पडताळणी करते. तिसरी शक्यता अशी की दोन्ही ठिकाणी काही नाही, आहे ती केवळ आठवण. तेव्हा मात्र आठवणीला तारीख, ठिकाण आणि सोबती मिळवून द्यावे लागतात: कोर्समधील समूहाचे छायाचित्र, त्या काळची पे-बुक, बरोबरच्या जवानाच्या डिस्चार्ज बुकातील त्याच कोर्सची नोंद. बरोबरीच्या माणसाचा कागद आपला पुरावा होत नाही. पण अमुक तारखांना असा वर्ग भरला होता हे त्याने सिद्ध होते, आणि कोठे शोधावयाचे ते शोधणाऱ्याला कळते.

अर्जात सेना क्रमांक त्याच्या शेवटच्या अक्षरासह लिहावा, हुद्दा, भरतीची व सेवामुक्तीची तारीख, शेवटचे युनिट आणि कोर्सच्या वेळचे युनिट लिहावे. कोर्सचे नाव, ठिकाण, काळ. भावना लिहू नयेत. मी देशासाठी रक्त सांडले, असे वाक्य अर्जात घातल्याने फाइल लवकर हलत नाही, तारखेने हलते. मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नये. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी, आणि शक्य तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. तेथील कल्याण संघटक हा बहुधा स्वतः माजी सैनिकच असतो आणि त्याला ह्या कागदांची भाषा येते. हैदराबादेत राहणाऱ्यांपैकी कित्येकांची नोंदणी अद्याप महाराष्ट्रातील जिल्ह्यातच आहे. त्यांनी ती येथील कार्यालयात बदलून घ्यावी, म्हणजे प्रत्येक सहीसाठी नांदेडची गाडी पकडावी लागणार नाही.

आता एका धोक्याविषयी थोडे अधिक बोलतो, कारण तो धोका चांगल्या हेतूने निर्माण होतो. जवान गावी येतो, पुस्तिका शाळेतल्या गुरुजींना दाखवितो आणि म्हणतो, गुरुजी, ह्यात माझा कोर्स लिहायचा राहिला, तुमचे अक्षर चांगले आहे, तेवढे लिहून द्या. गुरुजी बापडे लिहून देतात. कोर्स खरा, तारीख खरी, अक्षर सुंदर. आणि त्या क्षणापासून ती संपूर्ण पुस्तिका संशयास्पद होते! तपासणीत शाईचा फरक दिसतो, शिक्का नसतो, सही नसते. मग खरी असलेली इतर पानेही कोणी मानीत नाही, आणि प्रकरण बनावट दस्तऐवजाच्या आरोपापर्यंत जाऊ शकते. डिस्चार्ज बुकात लेखणी टेकविण्याचा अधिकार फक्त रेकॉर्ड ऑफिसाला आहे. शिक्षक मित्रहो, आपल्या सुंदर अक्षराची गरज अर्जाला आहे, पुस्तिकेला नाही.

मागणी कशाची करता येते आणि कशाची नाही हेही स्पष्ट असावे. जे प्रशिक्षण सैन्याने दिले व आपण पुरे केले त्याचीच नोंद होईल. कोर्सला गेलो पण अनुत्तीर्ण झालो, तर उपस्थितीची नोंद मिळेल, उत्तीर्णतेची नव्हे. निवृत्तीनंतर बाहेर शिकलेले काही त्यात येणार नाही. आणि जन्मतारखेच्या दुरुस्तीशी ह्या विषयाची गल्लत करू नये. सेवा संपल्यावर जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना न्यायालये सहसा दाद देत नाहीत, कारण तीमुळे सेवेची सारी गणितेच बदलतात. राहून गेलेल्या कोर्सची नोंद केल्याने सेवेचा एक दिवसही वाढत नाही. झालेली गोष्ट कागदावर येते, एवढेच. म्हणून तिच्याकडे अधिक मोकळ्या मनाने पाहिले जाते. शिक्षणाच्या नोंदीचेही असेच महत्त्व आहे. पंधरा वर्षे सेवा केलेला मॅट्रिक अथवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या काही बिगर-तांत्रिक गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने पात्र धरला जातो; १९८६ चा तसा आदेश आहे. ते प्रमाणपत्र पुस्तिकेत उतरलेच नसेल तर ह्या सवलतीचा उपयोग काय?

हे सारे आजच करावे असा आग्रह मी धरतो त्याला एक कारण आहे, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही अशा माजी सैनिकांचे सेवेचे कागद रेकॉर्ड ऑफिस पंचवीस वर्षांपर्यंत ठेवते आणि नंतर नियमानुसार नष्ट करते. मागे उरतो तो लाँग रोल, म्हणजे नाव, क्रमांक, भरती, सेवामुक्ती अशा मोजक्या गोष्टींची यादी. तिच्यात कोर्स नसतात. हिशेब करून पाहा. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन १९४६ मध्ये मोकळे झालेल्या जवानाचे कागद १९७१ च्या सुमारास मुदतीबाहेर गेले. १९६२ नंतरच्या भरतीत येऊन १९७० च्या आसपास निवृत्तिवेतनाविना बाहेर पडलेल्यांचे १९९५ च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन मासिक अनुदान देऊ लागले तेव्हा सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर जिल्ह्यांतील कित्येक म्हाताऱ्या बायांच्या हाती नवऱ्याची ती जुनी पुस्तिका हाच एकमेव आधार होता. देव्हाऱ्यामागे कापडात गुंडाळून ठेवली म्हणून ती वाचली. ज्या घरात निरुपयोगी म्हणून चुलीत गेली तेथे सरकारच्या कागदांतूनही तो सैनिक जवळजवळ पुसला गेला होता.

कागद केवळ नियमाने नष्ट होतात असेही नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवेच्या नोंदी लंडनमध्ये साठविल्या होत्या. सप्टेंबर १९४० मधील बॉम्बहल्ल्यात त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जळाल्या. अमेरिकेत सेंट लुईस शहरी १२ जुलै १९७३ रोजी अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९६० ह्या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या सुमारे ऐंशी टक्के फाइली गेल्या. वायुदलाच्याही मोठ्या प्रमाणावर गेल्या. एकूण संख्या एक कोटी साठ लाखांच्या पुढे. तेथील सरकारला मग पगारपत्रके, रुग्णालयांच्या नोंदी अशा बाजूच्या कागदांवरून सैनिकांची सेवा पुन्हा जुळवावी लागली. त्या देशात एक गोष्ट मात्र चांगली आहे. सेवामुक्तीच्या दाखल्यात प्रशिक्षण राहिले तर मूळ दाखल्याला हात न लावता दुरुस्तीचा स्वतंत्र दाखला देतात, आणि ते प्रकरण पुढे गेलेच तर सैनिकी नोंदींच्या दुरुस्तीसाठी १९४६ च्या कायद्याने नेमलेली मंडळे आहेत. आपल्याकडे असे खास मंडळ नाही. रेकॉर्ड ऑफिसाने नकार दिला तर वरिष्ठांकडे निवेदन, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. अंतिम नकाराच्या तारखेपासून सहा महिन्यांत तेथे जावे लागते. म्हणून नकाराचे पत्र रागाने फाडू नये, त्यावरील तारखेला किंमत आहे. तथापि माझे प्रामाणिक मत असे, की बहुतेक प्रकरणांना तितक्या दूर जाण्याची वेळ येत नाही. ती अडतात कोठे, तर अर्ज अपुरा असतो आणि त्याला आलेले त्रुटीचे पत्र इंग्रजीत असते. घरात ते कोणी वाचीत नाही.

माता-भगिनींसाठी एक वेगळी सूचना. पतीच्या कोर्सची नोंद असल्या-नसल्याने कुटुंब निवृत्तिवेतनात सहसा फरक पडत नाही. परंतु डिस्चार्ज बुक उघडलीच आहे तर त्यात आपले नाव, आपली जन्मतारीख आणि मुलांची नावे आधारकार्डाशी जुळतात का ते पाहून घ्यावे. २०२१ पासून संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ ह्या संगणकीय प्रणालीकडे जाऊ लागले आणि एका अक्षराच्या फरकाने किती खोळंबा होतो ते अनेक घरांनी अनुभवले आहे. ती दुरुस्तीही त्याच रेकॉर्ड ऑफिसातून, त्याच पार्ट टू ऑर्डरने होते. सैनिक हयात असताना त्याच्या सहीने ती जितकी सुलभ होते तितकी नंतर होत नाही. हे बोलणे अशुभ वाटेल, पण घरात बोलले पाहिजे.

येथून जवळच जांबबागेत विवेकवर्धिनी शाळा आहे, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मराठी वाचणारी आणि इंग्रजी अर्ज लिहू शकणारी माणसे ह्या परिसरात कधीच कमी नव्हती. महिन्यातून एक रविवार दोन तास दिले तर पुष्कळ प्रकरणे मार्गी लागतील. ह्याचा विचार शिक्षक मित्रांनी आपसांत करावा, मी त्यात अधिक सांगणे योग्य नव्हे.

आता मी थांबतो. ज्यांनी आपली डिस्चार्ज बुक बरोबर आणली असेल त्यांनी मागच्या टेबलापाशी यावे. पुस्तिका आपल्याच हातात ठेवावी. मी ती येथेच पाहीन, बरोबर नेणार नाही. अर्जाच्या नमुन्याच्या प्रती तेथे ठेवल्या आहेत. संपल्या तर रस्त्यापलीकडे झेरॉक्सचे दुकान उघडे आहे, परंतु ते आठला बंद होते.